प्लंबरांची हिरवी नदी

लेकीकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. खिडकीतून समोरच्या ओक्याबोक्या झाडावरच्या खारी मोजणे हा माझा मुख्य उद्योग होता. परतीचं तिकीट 20 मार्च 2024 चं. जावईबापू म्हणाले, "बाबा, जायच्या आधी शिकागोचा सेंट पॅट्रिक्स डे, आयरिश लोकांचा सण, बघूनच जा. अख्खी नदी हिरवी करतात."

मी म्हटलं, "आमच्याकडेही होते. जलपर्णीनं."

ते हसले. मी विनोद केला नव्हता. साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठा आणि ड्रेनेजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. पाण्याला रंग आला की आमच्या ऑफिसचा फोन खणखणायला लागायचा आणि मी जीपच्या किल्ल्या शोधायला लागायचो. इथं तोच रंग बघायला लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन येतात म्हणे. शिवाय रंग टाकणारे कोण, तर प्लंबर लोकांची युनियन! हे ऐकल्यावर मात्र मी खारी मोजायचं सोडून बूट पुसायला घेतले.

शुक्रवार, 15 मार्च

सोहळा उद्याचा, पण आज गर्दी नसताना शहर बघून घेऊ म्हणून सकाळच्या मेट्रा गाडीनं निघालो. ही आपली मेट्रो नव्हे. दुमजली डब्यांची, उपनगरांतून येणारी लोकल. गाडीत कंडक्टरनं बजावलं की उद्या डब्यात दारू आणायची नाही. मी तर पाण्याची बाटलीही पिशवीत खाली सरकवली.

युनियन स्टेशनपासून तीन चौकांवर 'ओल्ड सेंट पॅट्रिक्स' चर्च आहे. इथली आयरिश मंडळी 1846 मध्ये एकत्र आली आणि दहा वर्षांनी ही पिवळसर विटांची इमारत उभी राहिली. 1871 च्या आगीत शिकागोचा मधला भाग राख झाला, पण हे देऊळ (मी चर्चला देऊळच म्हणतो, हिला ते पटत नाही) वाचलं. आग थोड्याच अंतरावर लागली होती, पण वाऱ्यानं ती ईशान्येकडे नेली.

त्या आगीचं खापर ओलिअरी नावाच्या एका आयरिश बाईच्या गाईवर फोडलं गेलं. गाईनं लाथ मारून कंदील पाडला म्हणे. शिकागोच्या नगर परिषदेनं त्या बाईला आणि गाईला निर्दोष ठरवलं ते 1997 मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. आपल्याकडच्या विभागीय चौकशा तशा लवकरच संपतात म्हणायच्या. तिचं घर होतं त्या जागेवर आता अग्निशमन दलाची प्रशिक्षण शाळा आहे.

चर्चमध्ये शिरलो तर आत कोणी नव्हतं. भिंतींवर वेलींसारख्या एकमेकींत गुंतलेल्या नक्ष्या, फिक्या हिरव्या-सोनेरी रंगात. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला त्या लगेच ओळखीच्या वाटतील. ही बराच वेळ बोटानं हवेत रेघ गिरवत होती, कुठून सुरू होते आणि कुठं संपते ते शोधत. 'बुक ऑफ केल्स' नावाच्या जुन्या आयरिश हस्तलिखितावरून थॉमस ओ'शॉनेसी या कलावंतानं शंभरेक वर्षांपूर्वी हे काम केलं. रंगीत काचांच्या खिडक्याही त्याच्याच.

त्यातल्या तीन काचांच्या एका खिडकीनं मला थांबवलं. ती टेरेन्स मॅकस्विनीच्या स्मरणार्थ आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा हा महापौर 1920 मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवस उपोषण करून गेला. नाव डोक्यात कुठंतरी पडलेलं होतं, पण कुठं ते आठवेना. बाकावर बसलो आणि लागलं. शाळेत आमच्या इतिहासाच्या गुरुजींनी सांगितलेली जतीन दासांची गोष्ट! 1929 साली लाहोरच्या तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणानंतर जतीन दास गेले, तेव्हा मॅकस्विनीच्या घरच्यांची दुखवट्याची तार हिंदुस्थानात आली होती. गुरुजी ते सांगताना खडू खाली ठेवायचे. तो मॅकस्विनी मला इथं काचेत भेटेल असं काही मनात आलं नव्हतं.

आता खुद्द पॅट्रिकबद्दल. मला वाटत होतं हा आयर्लंडचाच. तसं नाही. पाचव्या शतकातला हा माणूस मूळचा पलीकडच्या ब्रिटनचा. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पळवला, सहा वर्षं गुलाम म्हणून मेंढरं राखली, मग पळून घरी गेला आणि पुढं धर्मोपदेशक होऊन ज्यांनी पळवलं त्यांच्यातच परत आला. 17 मार्च ही त्याची पुण्यतिथी. तीन पानांचं शॅमरॉक हे रोपटं दाखवून त्यानं एकाच देवाची तीन रूपं समजावली, अशी आख्यायिका आहे. हिनं लगेच "त्रिदलं त्रिगुणाकारं" म्हणायला सुरुवात केली. बेलाचं पान ज्यांच्या देव्हाऱ्यात आहे त्यांना ते समजावून सांगायला कुठला संत लागणार?

दुसरी आख्यायिका मात्र तिला मुळीच आवडली नाही. पॅट्रिकनं आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले म्हणतात. हिचं माहेर बत्तीस शिराळ्याचं. "सापांनी याचं काय घोडं मारलं होतं?" मी सांगितलं की त्या बेटावर हिमयुगानंतर साप पोचलेच नव्हते, असं शास्त्रज्ञ म्हणतात. मग कुठं तिचं आणि पॅट्रिकचं जमलं.

शनिवार, 16 मार्च

नेपरव्हिलच्या फलाटावरच हिरवा पूर आला होता. हिरव्या टोप्या, हिरव्या मिशा, हिरव्या माळा. एका कुत्र्याला हिरवा अंगरखा. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. आषाढीच्या आधीची पंढरपूर एसटी आठवली, फक्त अभंगाऐवजी तरुण पोरांच्या आरोळ्या. आम्ही पाचही जण (लेक, जावई, सहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं) उभ्यानंच शिकागोला पोचलो. स्टेशनाबाहेर एका फेरीवाल्याकडून मी पाच डॉलरला हिरवा मफलर घेतला. त्यावर चार पानांचं छाप होतं. शॅमरॉकला तीन पानं असतात हे कालच शिकल्यामुळे मला ते खटकलं, पण गळ्याला वारा लागत होता. या मफलरनं पुढं काय केलं ते मंगळवारी येईलच.

वरच्या वॅकर ड्राइव्हवर कठड्याशी जागा मिळाली. नदी खाली, दोन्ही काठांवर आभाळात घुसलेल्या इमारती. डावीकडे मक्याच्या कणसासारखे दोन गोल मनोरे. पुढं माणसांच्या चार रांगा होत्या, पण नातवाला बघून एका दांडग्या बाईनं आम्हाला आत ओढलं. "पोराला पुढं घ्या," एवढंच म्हणाली आणि परत किंचाळायला लागली.

दहाच्या सुमारास दोन बोटी आल्या. मोठीवरच्या माणसांच्या हातात चक्क पिठाच्या चाळण्या. लाडवांचं बेसन चाळावं तशी ती माणसं पाण्यावर पूड चाळत होती आणि पूड होती नारिंगी!

"आजोबा, हे तर केशरी आहे," नातू रडवेला झाला.

मी म्हटलं, "थांब." हा क्षण माझ्या ओळखीचा होता. पूड पाण्याला लागली, क्षणभर विटकरी डाग दिसला आणि मग त्याच्या कडांतून हिरवा फुटायला लागला. मागून धाकटी बोट नागमोडी वळणं घेत आली आणि तिच्या पंख्यानं ते सगळं ढवळून टाकलं. दहा-पंधरा मिनिटांत पुलापासून पुलापर्यंत खसच्या सरबताचं पाणी. लोकांनी जो गलका केला तो काचांच्या इमारतींवर आपटून दुप्पट होऊन परत आला.

आता मला जे सांगायचंय ते इथं आहे. हा रंग सणासाठी शोधलेला नाही. हा गटार शोधायचा रंग आहे.

1960 च्या आसपास शिकागो नदीत इमारतींचं सांडपाणी चोरून सोडलं जायचं. कुठल्या इमारतीची जोडणी नदीला आहे ते शोधायला प्लंबर आतल्या पाइपात रंग टाकायचे आणि नदीत तो कुठं उमटतो ते बघायचे. स्टीफन बेली हे 'लोकल 130' या प्लंबर युनियनचे व्यवस्थापक. त्यांच्याकडे एक प्लंबर आला, त्याचा पांढरा डगला हिरव्या डागांनी भरलेला. हे कशानं, तर रंगानं. बेली महापौर रिचर्ड डेली यांचे जुने स्नेही, दोघेही आयरिश वंशाचे. त्या डागावरून त्यांच्या डोक्यात आलं की सणाला नदीच रंगवावी. 1962 मध्ये पहिल्यांदा 100 पौंड रंग टाकला. अंदाज चुकला आणि नदी आठवडाभर हिरवीच राहिली. पुढं मात्रा 40 पौंडांवर आली, म्हणजे आपले साधारण 18 किलो. पहिला रंग फ्लुओरेसिनचा होता. पर्यावरणवाल्यांनी आक्षेप घेतल्यावर 1966 पासून वनस्पतीजन्य पूड वापरतात आणि तिची कृती गुप्त ठेवतात.

हाच उद्योग मी केलाय. संशयित घराच्या चेंबरमध्ये रंगाची बादली ओतायची आणि ओढ्याच्या तोंडाशी एका माणसाला विडी देऊन बसवायचं. रंग आला की त्यानं शिट्टी मारायची. एकदा अशीच शिट्टी वाजली, आणि रंग निघाला तो गावातल्या एका वजनदार माणसाच्या बंगल्यातून. अहवाल लिहिला. अहवाल वर गेला आणि वरच राहिला, मी मात्र आठ दिवसांत खाली आलो, मीटर वाचनाला. तेव्हा या नदीकाठी उभं राहून मला टाळ्या वाजवाव्यात की शिट्टी, ते कळेना.

आणखी एक गंमत फक्त मीच बघत असणार. हिरवा रंग मिशिगन सरोवराकडे जात नव्हता, उलट सरोवराकडे पाठ करून आत शहराकडे सरकत होता. नदी मुळात सरोवराला मिळायची. शहराची घाण सरोवरात आणि पिण्याचं पाणीही सरोवरातूनच. मग 45 किलोमीटरचा कालवा खणून 1900 च्या जानेवारीत त्यांनी नदीचा प्रवाहच उलटा केला. सरोवर वाचलं, घाण मिसिसिपीच्या दिशेनं निघाली. खालच्या अंगाच्या सेंट लुईसवाल्यांचा जळफळाट झाला. त्यांच्या मिझुरी राज्यानं सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि 1906 मध्ये खटला हरलं. खालच्या गावांचं नशीब सगळीकडे सारखंच.

बारा वाजून गेल्यावर कोलंबस ड्राइव्हवर मिरवणूक सुरू झाली. बॅगपाइपचा आवाज लांबून आला तेव्हा ही म्हणाली, "सनई आणि म्हैस एकदम." जवळ आल्यावर तिचं मत बदललं. तो आवाज कानात कमी आणि बरगड्यांत जास्त वाजतो. ढोलावर टिपरू पडलं की आपल्या पोटात होतं तसं. मागून नाचणाऱ्या पोरी, कुरळ्या केसांचे टोप घातलेल्या. आयरिश नाचात सगळी करामत पायांची, हात अंगाला चिकटवून सरळ. लेझीम खेळलेल्या माणसाला हे बघताना स्वतःचेच हात बांधल्यासारखे वाटतात.

मधूनमधून राजकारणी हात हलवत होते. मंगळवारी इथं पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीचं मतदान, त्यामुळे प्रत्येक उमेदवार आज आयरिश. आडनावावरून काहीच कळत नव्हतं. गणपतीच्या मांडवांवर निवडणुकीच्या वर्षी जशा कमानी वाढतात, तसंच.

माझं लक्ष मात्र युनियनवाल्यांकडे. प्लंबर, लोहारकामवाले, वीजवाले, छातीवर हिरवे पट्टे लावून, बायकापोरांसह. कामगारांनी मिरवणूक काढलेली मी पाहिलीय, पण तिथं मागण्यांचे फलक असायचे. इथं पाना-पाइपचं काम करणारा माणूस शहराचा यजमान म्हणून चालत होता. मिरवणूक संपल्यावर पट्टा लावलेला एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ कडेला दम खात उभा होता. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मी पण पाणीवालाच. भारतात. एकतीस वर्षं." त्यानं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. पाइप बिडाचे की प्लास्टिकचे, इथपासून सुरुवात झाली. पंधरा मिनिटं झाली तरी आम्ही गळतीवरच होतो. लेक लांबून हातवारे करत होती. शेवटी विचारलंच, "त्या पुडीत असतं काय?" त्यानं इकडंतिकडं पाहिलं, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "भाजीपाला." मग स्वतःच खो-खो हसला.

परतताना आर्ट इन्स्टिट्यूटवरून आलो. 1893 मध्ये विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. समोरच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलंय. त्यांची शिष्या निवेदिता आयर्लंडच्या टायरोन परगण्यातली. ही पायरीवर दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली, तेवढ्यात हिरव्या टोप्यांचं एक टोळकं तिच्याभोवती उभं राहून फोटो काढून गेलं. त्यांना ती पुतळा वाटली असावी.

रात्री लेकीनं पालक पुऱ्या केल्या. तिचं म्हणणं, सण साजरा झाला पाहिजे. इथं या दिवशी कॉर्न्ड बीफ आणि कोबी खातात. मांस खड्या मिठात मुरवतात, त्या मिठाच्या खड्यांना जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणत. मजा म्हणजे आयर्लंडात हे पक्वान्न सणाचं नव्हेच, तिथं डुकराचं खारवलेलं मांस असायचं. अमेरिकेत आल्यावर गरीब आयरिश लोकांना शेजारच्या ज्यू खाटकांकडे हे गोमांस परवडलं आणि तेच 'आपलं' झालं. आम्ही पुऱ्यांवर खूश होतो.

रविवार, 17 मार्च

खरी तारीख आजची. कालचा सोहळा शहराचा, आजचा वस्तीचा. लासाल स्ट्रीट स्टेशनवरून रॉक आयलंड मार्गाच्या गाडीनं दक्षिणेला बेव्हर्लीत गेलो. 103व्या रस्त्याजवळ टेकाडावर एक दगडी किल्ला दिसला. 1886-87 मध्ये बांधलेलं हे घर 'आयरिश किल्ला' म्हणून ओळखतात. साताऱ्याच्या माणसाला किल्ला म्हणून ते पटणं कठीण. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चौकीएवढं आहे. पण मी काही बोललो नाही.

वेस्टर्न अव्हेन्यूवरची ही मिरवणूक 1979 मध्ये दोन बापांनी सुरू केली. 17 पोरं, एक बाळाची ढकलगाडी आणि गल्लीला एक फेरी. पुढं ती एवढी फुगली आणि पिऊन धिंगाणा एवढा वाढला की 2010 आणि 2011 मध्ये लोकांनीच ती बंद ठेवली. परत सुरू केली ती दारूबंदीसकट. आपल्याकडे डीजेच्या बाबतीत एखादं मंडळ असं करेल का, हा विचार मनात आला आणि मी तो पुढं नेला नाही.

इथं वेगळंच वातावरण होतं. लोक घरच्या खुर्च्या फुटपाथवर टाकून, मांडीवर घोंगड्या घेऊन बसलेले. मिरवणुकीतला माणूस मध्येच रांग सोडून येऊन आत्याला मिठी मारून जायचा. वारा बोचरा होता. ही कुडकुडत होती हे बघून एका आजीबाईंनी आपली घोंगडी उचलून निम्मी हिच्या मांडीवर टाकली आणि डब्यातून सोडा ब्रेडचे तुकडे पुढं केले. यीस्ट नाही, ताक आणि खायचा सोडा, मध्ये मनुका. हिनं खाताखाता कृती विचारून घेतली, ताक किती आंबट ते धरून.

आजीबाईंच्या यजमानांनी विचारलं, "तुमची माणसं कुठल्या परगण्याची?" इथं प्रत्येकाला हाच प्रश्न विचारतात. अमेरिकेत चौथी पिढी असली तरी पणजोबाचा परगणा तोंडपाठ.

ही म्हणाली, "सातारा."

ते गंभीरपणे म्हणाले, "तिकडं मी गेलेलो नाही." मग म्हणाले, "आम्ही मेयोचे."

मेयो! मी सरसावून बसलो. कॅप्टन बॉयकॉटचं प्रकरण मेयोतलंच. 1880 मध्ये जमीनदाराचा हा कारभारी कुळांना हुसकावायला निघाला, तेव्हा गावानं त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. शेतावर मजूर नाही, दुकानात वाणसामान नाही, टपालही नाही. बाहेरून आणलेल्या 50 मजुरांनी फौजेच्या बंदोबस्तात पीक काढलं आणि बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या कैक पट झाला. त्याचं आडनाव शब्द होऊन पंचवीस वर्षांत आपल्याकडे आलं आणि 1905 नंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारी बसलं. मराठीत 'बहिष्कार' हा शब्द आधीपासून होता, पण तो जातपंचायतीचा. दुबळ्याला वाळीत टाकायचं हत्यार बलवानावर उलटवायची युक्ती मेयोच्या कुळांची. टिळकांनी 1916 मध्ये बेळगावात लीग काढली तिचं 'होमरूल' हे नावही आयर्लंडच्याच चळवळीचं.

हे सगळं मला इंग्रजीत सांगायचं होतं. सांगून झालं ते एवढंच, "बॉयकॉट. युवर व्हिलेज. अवर टिळक. सेम." जावयांनी बाकीचं भरून काढलं. म्हातारबुवा ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुमचा एक माणूसही आम्ही घेतलाय." आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर! वडील डॉ. अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराडचे. त्याच दिवशी वराडकर वॉशिंग्टनला व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांना शॅमरॉकचं भांडं देत होते. सिंधुदुर्गातल्या आडनावाचा माणूस, आयरिश बेलपान, अमेरिकेचा अध्यक्ष. नातवानं विचारलं, "ते आपल्याला ओळखतात?" मी म्हटलं, "वराडला आपली एसटी दोनदा थांबली होती."

जाताना आजीबाईंनी सांगितलेलं एक लक्षात राहिलं. त्यांच्या आईच्या लहानपणी आयर्लंडात हा दिवस मिशीत हसायचाही नव्हता. सकाळी चर्च, कोटाला शॅमरॉकची काडी, संपलं. तिथं कित्येक वर्षं या दिवशी दारूचे गुत्ते कायद्यानं बंद असायचे. सणाचा हा दणका अमेरिकेत आलेल्यांनी उभा केला आणि मग तो मायदेशी परत गेला. परदेशातल्या मराठी मंडळांचे ढोल-ताशे बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सोमवार, 18 मार्च

सगळे कामावर. मी हट्टानं एकटाच ब्रिजपोर्टला गेलो. लेकीनं फोनमध्ये नकाशा लावून दिला आणि तासातासाला फोन करायचं कबूल करून घेतलं.

ब्रिजपोर्ट ही महापौर डेली यांची वस्ती, आणि त्याआधी कालवा खणणाऱ्या मजुरांची. इलिनॉय-मिशिगन कालवा 1836 ते 1848 या काळात खणला गेला. 154 किलोमीटर, फावड्या-कुदळींनी, बहुतेक आयरिश हातांनी. बटाट्याच्या दुष्काळानं आयर्लंडमध्ये दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली, ते 1845 नंतर. हे मजूर त्याच्याही आधी आलेले. मध्ये सरकारी पैसा संपला तेव्हा त्यांना पगाराऐवजी कागदी हुंड्या दिल्या. ठेकेदाराकडच्या मजुरांच्या हजेरीपटावर मी सह्या केल्यात. थकलेल्या पगाराच्या दिवशी माणसं कशी बघतात ते मला माहीत आहे.

कालव्याच्या सुरुवातीला आता छोटीशी बाग आहे. फलक, गवत, मागून ट्रकांचा रस्ता. कोणी नव्हतं. काल-परवाची सगळी हिरवाई ज्यांच्या जिवावर, त्यांच्या जागेवर एकही हिरवी टोपी नाही.

तिथून जवळच 'बब्ली क्रीक', म्हणजे बुडबुड्यांचा ओढा. 1865 पासून शंभराहून अधिक वर्षं इथं जवळच प्रचंड कत्तलखाने होते आणि त्यांचं रक्त-आतडं याच ओढ्यात जायचं. कत्तलखाने 1971 मध्ये बंद झाले. तळाचा गाळ अजून कुजतोय. मी काठावर उभा राहिलो. पाणी काळसर, स्तब्ध. एक बुडबुडा आला. मग बऱ्याच वेळानं आणखी दोन. घड्याळ लावून मोजत बसलो. तेवढ्यात लेकीचा फोन आला, "बाबा, कुठं आहात?" मी म्हटलं, "गटारापाशी." पलीकडं क्षणभर शांतता. "अमेरिकेत येऊनसुद्धा?"

परवाच्या पुलाखालचं पाणी हेच, फक्त इथं चाळणी घेऊन कोणी येत नाही.

मंगळवार, 19 मार्च

बॅगा भरल्या, वजन केलं, काढलं, पुन्हा भरल्या. जावई मतदान करून आले. दुपारी हिनं कपड्यांचा शेवटचा घाणा मशीनमध्ये लावला. दार उघडलं आणि किंकाळी ऐकू आली. पाच डॉलरच्या मफलरनं रंग सोडला होता. माझी सहाच्या सहा बनियनं आणि तिचा पांढरा परकर पोपटी झाला होता.

"अहो, मफलर आत टाकायच्या आधी सांगायचं नाही का?"

मी तिला बेलींच्या प्लंबरचा डागाळलेला डगला, त्यावरून सुचलेली कल्पना वगैरे सगळं परत सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "त्या प्लंबरच्या बायकोला कोणी विचारलं होतं का?"

बुधवार, 20 मार्च

विमान संध्याकाळी. सकाळी चहा घेताना जावई फोन बघत थबकले. "बाबा, वराडकरांनी राजीनामा दिला." डब्लिनला दुपारी घोषणा झाली होती. कारणं वैयक्तिक आणि राजकीय, पण मुख्यतः राजकीय, असं ते म्हणाले होते. तीन दिवसांपूर्वी शॅमरॉकचं भांडं देणारा माणूस. नातवाला हे कसं सांगायचं कळेना, कारण काल शाळेत त्यानं "आमचे प्राइम मिनिस्टर" म्हणून काही ठोकून दिलं होतं.

ओ'हेअर विमानतळावर (हे नावही आयरिश वंशाच्या वैमानिकाचं, जावयांनी सांगितलं) तपासणीच्या रांगेत कोट काढायला लावला. शर्टाची वरची बटणं उघडी होती. समोरच्या गणवेशातल्या बाईनं माझ्या बनियनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सण संपला की हो."

मागून ही मराठीत म्हणाली, "आणखी पाच आहेत म्हणावं. बॅगेत."